डॉगरिजच्या फुटीवर केवडा का येत नाही?

वेलमांडव

गेल्या शनिवारी घरी गेलो होतो. गाव जुन्नर तालुक्यात, नारायणगावपासून दुचाकीवर वीस मिनिटं. दीड एकर थॉमसन द्राक्ष. ऑक्टोबर छाटणी होऊन अठरा दिवस झालेले आणि मधे दोन रात्री पाऊस. सकाळी सातला अण्णांबरोबर बागेत शिरलो तेव्हा पानं अजून ओली होती. चौथ्या ओळीत अण्णांनी एक पान उलटून दाखवलं. वरून तेलकट पिवळा डाग, खालून कापूस पिंजून चिकटवल्यासारखी पांढरी बुरशी. केवडा.

मग त्यांनी मला खाली वाकायला लावलं. त्याच वेलाच्या बुडाशी, कलमाच्या गाठीखालून, डॉगरिजची, म्हणजे ज्या जंगली वेलाच्या मुळावर थॉमसनचं कलम केलंय त्याची, एक फूट निघाली होती. काढायची राहून गेलेली. तिची पानंही तितकीच ओली, वरच्या पानांवरचं पाणी ठिबकून तिच्यावरच पडत होतं. एकाही पानावर केवडा नाही. अण्णा म्हणाले, "पाणी तेच, खत तेच, दव तेच. मूळ तर एकच. मग वरचं आजारी आन् खालचं ठणठणीत, हे कसं काय?"

मी नऊ वर्षं पुण्यात वनस्पतींच्या जनुकांवर काम करतो, तरी बांधावर उभा राहून मला धड उत्तर देता आलं नाही. "त्याच्यात प्रतिकारक जीन आहे" एवढंच म्हणालो. त्यावर ते म्हणाले, "म्हंजे काय आहे?" हा प्रश्न बरोबर होता. इथे द्राक्ष, डाळिंब, अंजीरवाले बरेच आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी केवडा पानात शिरतो कसा ते बघू. आपण त्याला बुरशी म्हणतो, पण शास्त्राच्या हिशेबाने तो समुद्रातल्या तपकिरी शेवाळांचा लांबचा भाऊबंद आहे. (द्राक्षाचा दुसरा रोग, भुरी, ती मात्र खरी बुरशी. म्हणून भुरीची बरीच औषधं केवड्यावर चालत नाहीत आणि उलटही.) ओल्या पानावर त्याची बीजाणूपिशवी फुटते आणि आतून दोन शेपट्यांचे चलबीजाणू बाहेर पडतात. ते पाण्याच्या पातळ थरात अक्षरशः पोहतात. द्राक्षाच्या पानाची श्वासछिद्रं खालच्या बाजूला असतात. ते पोहत तिथे पोचतात, शेपट्या टाकून देतात, छिद्रातून नळी आत सोडतात आणि पेशीच्या भिंतीतून एक छोटा शोषक फुगा आत ढकलतात. पेशी मरत नाही. ती जिवंत राहावी अशीच त्याची इच्छा असते, कारण त्याला जिवंत पेशीतलं अन्न हवं असतं.

पेशी मात्र गप्प बसलेली नसते. तिच्या पृष्ठभागावर काही प्रथिनं पहाऱ्याला असतात. रोगजंतूच्या भिंतीचे तुकडे, जिवाणूच्या शेपटीचा तुकडा, असलं काही हाताला लागलं की ती पेशीला जागं करतात. भिंत जाड होते, विषारी ऑक्सिजन सुटतो, बुरशीची भिंत विरघळवणारी प्रथिनं तयार होतात. हा पहिला पहारा थॉमसनमध्येही आहे, जंगली वेलातही आहे. याच्याच जोरावर हवेतले हजारो बीजाणू रोज आपल्या पिकांवर पडूनही काही करू शकत नाहीत.

केवडा हा पहारा फोडतो. शोषक फुग्यातून तो पेशीच्या आत आपली प्रथिनं सोडतो. त्यांना इफेक्टर म्हणतात. ती जागं करणाऱ्या यंत्रणेचा गळा दाबतात. थॉमसनमध्ये गोष्ट इथेच संपते आणि पाचव्या दिवशी पानाखाली कापूस दिसतो.

जंगली वेलाकडे दुसरा पहारा असतो आणि तो पेशीच्या आत असतो. या प्रथिनांचं नाव एनएलआर. इफेक्टर आत आला, किंवा त्याने आतल्या एखाद्या प्रथिनाशी छेडछाड केली, की एनएलआरला कळतं. कळल्यावर ते करतं काय, हे बरीच वर्षं कोडं होतं. २०१९ साली चीनमधल्या शास्त्रज्ञांनी मोहरीच्या कुळातल्या एका छोट्या झाडातल्या अशा प्रथिनाची रचना उलगडली. पाच रेणू एकत्र येऊन चाक बनवतात. पुढे कळलं की हे चाक पेशीच्या पडद्यात भोक पाडतं, त्यातून कॅल्शियम आत घुसतं आणि पेशी स्वतःहून मरते. आजूबाजूच्या दहा-वीस पेशीही जातात. जिवंत पेशीवर जगणाऱ्या केवड्याला आता खायला काही उरत नाही.

परत येताना त्या डॉगरिजच्या फुटीची दोन पानं ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून आणली. साध्या दहापट भिंगाखाली खालची बाजू बघितली. टाचणीच्या टोकाएवढे तपकिरी ठिपके होते, मोजून सतरा. माझ्या मते प्रत्येक ठिपका म्हणजे केवडा आत शिरू पाहिला ती जागा. अण्णांना ते पान निरोगी वाटलं होतं. खरं म्हणजे त्यावर रोग सतरा वेळा आला होता आणि सतरा वेळा अडला होता.

आपण "या झाडात ताकद आहे" असं म्हणतो. मला वाटतं हा शब्द आपली दिशाभूल करतो. थॉमसनकडे मारायची हत्यारं आहेत, शत्रू ओळखणारा नाही. याला कारणही आहे. केवडा मूळचा उत्तर अमेरिकेतला. तिथले जंगली वेल त्याच्यासोबत लाखो वर्षं राहिले. आपलं खायचं द्राक्ष पश्चिम आशियातलं, त्याची आणि केवड्याची गाठ १८७८ च्या सुमारास फ्रान्समध्ये पडली. तिथल्या बागा उजाड झाल्या आणि १८८५ मध्ये मिलार्दे या शास्त्रज्ञाने मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण जगापुढे ठेवलं. आपण आजही तेच ढवळतोय.

काही चुकलं असेल तर जाणकारांनी जरूर सांगावं.

*

सासवडी

फार सुंदर लिहिलंय. सतरा ठिपक्यांचं वाचून अंगावर काटा आला. आमच्याकडे अंजीर आहे, तांबेऱ्याने दरवर्षी पानगळ होते. पानाखाली बोट फिरवलं की विटकरी पूड लागते. रोज बघतो, पण आत हे सगळं चालतं हे कधी कुणी सांगितलं नव्हतं.

एक शंका. डॉगरिजचं मूळ सगळ्या वेलाला पाणी देतं, तर मग त्याची प्रतिकारशक्ती वर का चढत नाही?

*

वेलमांडव

सासवडी, अण्णांचा पुढचा प्रश्न हाच होता.

एनएलआर प्रथिनं ज्या पेशीत बनतात तिथेच कामाला असतात. वरच्या पानातली प्रत्येक पेशी थॉमसनची आहे, तिच्या केंद्रकात थॉमसनचीच जनुकं आहेत. मूळ तिला पाणी, क्षार, काही संप्रेरकं पाठवतं, पहारेकरी नाही. म्हणून डॉगरिज जमिनीतलं आपलं काम चोख करतो, खारं पाणी आणि सूत्रकृमी सोसतो, पण पान राखणं त्याच्या हातात नाही. काही संदेश आणि आरएनएचे छोटे तुकडे कलमाच्या गाठीपलीकडे जातात हे खरं आहे. केवड्याला रोखायला ते पुरत नाहीत, आपल्या डोळ्यांसमोरच आहे.

*

नीरेकाठ

इंदापूर. डाळिंब भगवा, तीन एकर होतं, आता एक आहे. दोन एकर तेल्यामुळे मी स्वतः जेसीबी लावून काढलं. २०१९ ला लावलेली बाग, दुसऱ्याच बहाराला फळावर काळे तेलकट डाग आणि मधोमध इंग्रजी एल किंवा वाय सारखी चीर. ज्यांनी बघितलंय त्यांना माहीत आहे.

मला त्या वेळी रोपं विकणाऱ्याने सांगितलं होतं, "ही टिश्यू कल्चरची रोपं आहेत, तेल्या येणार नाही." मी दुप्पट भाव दिला. तेल्या आलाच. नाव घेत नाही, घेऊन आता उपयोग नाही. पण मला हे समजून घ्यायचंय की मी फसवला गेलो की माझं काही चुकलं? टिश्यू कल्चरचं रोप प्रतिकारक नसतं का?

*

वेलमांडव

नीरेकाठ दादा, वाचून वाईट वाटलं. तुमचं काही चुकलं नाही. तुम्हाला दोन वेगळ्या गोष्टी एक म्हणून विकल्या गेल्या.

टिश्यू कल्चरचं रोप रोगमुक्त असतं. म्हणजे प्रयोगशाळेतून निघताना त्यात तेल्याचा जिवाणू नसतो. याचं मोल मोठं आहे, कारण तेल्या बागेत येतो तो बहुतेक वेळा रोगट गुटीच्या (फांदीलाच मुळं फोडून केलेल्या) रोपांतूनच. पण ते रोप भगव्याचीच हुबेहूब प्रत असतं. भगव्यात पहारेकरी नाही, तर त्याच्या लाख प्रती काढल्या तरी कुणातच येणार नाही. शेजारच्या बागेतून वारा-पावसाच्या शिंतोड्यांनी जिवाणू आला की रोग होणारच. रोगमुक्त आणि रोगप्रतिकारक हे दोन शब्द प्रत्येक रोपवाटिकेच्या फलकावर वेगवेगळे लिहिलेले असावेत, असं मला मनापासून वाटतं.

तेल्याचा जिवाणू झँथोमोनासच्या कुळातला. याची पद्धत केवड्यापेक्षा वेगळी आहे. तो पेशीत शिरतच नाही. पेशींच्या मधल्या जागेत बसून सुईसारख्या नळीने आपली प्रथिनं पेशीत टोचतो. त्यातली एक्सओपी-एल आणि एक्सओपी-एन ही दोन डाळिंबाचा पहिला पहारा दाबतात, हे आपल्याकडच्याच संशोधकांनी दाखवलेलं आहे.

याच कुळातल्या लिंबाच्या खैऱ्याची गोष्ट सांगतो, तिच्यातून डाळिंबाला वाट मिळू शकते. खैऱ्याचा जिवाणू लिंबूवर्गीय झाडाच्या पेशीत एक प्रथिन टोचतो. ते थेट केंद्रकात जातं, झाडाच्या डीएनएवर एका ठरावीक जागी बसतं आणि एलओबी१ नावाचं झाडाचं स्वतःचंच जनुक चालू करतं. त्यामुळे पेशी फुगतात, पानावर खरबरीत फोड येतात, फोड फुटून जिवाणू बाहेर पडतात. झाडाच्या घरातलं बटण चोर दाबतोय. मग शास्त्रज्ञांनी २०१६-१७ मध्ये जनुकाला हात न लावता फक्त ती बटणाची जागा, काही अक्षरं, क्रिस्पर या डीएनए नेमका बदलायच्या तंत्राने बदलली. जिवाणू आला, प्रथिन टोचलं, पण बसायला जागाच नाही. ग्रेपफ्रूट आणि संत्र्याच्या त्या झाडांवर खैऱ्या खूपच कमी आला.

डाळिंबाचा पूर्ण जनुकसंच आता वाचलेला आहे. तेल्या भगव्यातलं नेमकं कोणतं बटण वापरतो, हे पक्कं व्हायचंय. ते होऊन वाण हातात येईपर्यंत खात्रीचं एकच, जिवाणूला पाऊस मिळू न देणं. हस्त बहार धरणं, बागेला पुरेशी विश्रांती, दर झाडानंतर कात्री हायपोक्लोराइटच्या पाण्यात बुडवणं, छाटलेलं सगळं बागेबाहेर नेऊन जाळणं. सोलापूरचं डाळिंब संशोधन केंद्र हेच सांगत आलंय आणि त्याच्यामागे हे सगळं शास्त्र आहे.

*

नीरेकाठ

समजलं. इतकी वर्षं डोक्यात होतं की मीच काहीतरी कमी केलं. धन्यवाद भाऊ.

राहिलेल्या एकराला मृग सोडून हस्त धरतोय तीन वर्षं. माल कमी निघतो, पण फळ स्वच्छ निघतं. कात्रीचं मात्र खरं सांगतो, मजूर कंटाळतात. मी आता दोन कात्र्या दिल्यात प्रत्येकाला. एक बादलीत, एक हातात. झाड बदललं की कात्री बदलायची. तेव्हापासून सगळे करतात.

*

गच्चीतली बाग

दोन कात्र्यांची युक्ती लगेच टिपून ठेवली!

मी कोथरूडची, शेती नाही. सोसायटीच्या मागे पपईची पाच झाडं लावली होती. चार मेली. पानं आधी पिवळी-हिरवी चट्ट्यापट्ट्यांची, मग बुटाच्या नाडीसारखी बारीक झाली. फळांवर गोल गोल कडी. कृषी महाविद्यालयाजवळच्या प्रदर्शनात विचारलं तर "रिंगस्पॉट व्हायरस, मावा पसरवतो" म्हणाले. मी दर आठवड्याला कडुनिंबाचं तेल मारत होते, मावा दिसतही नव्हता, तरी कसा आला? आणि विषाणूलाही हेच एनएलआर ओळखतात का?

*

वेलमांडव

ताई, हा मावा पपईवर राहायला येत नाही. उडता उडता बसतो, सोंड टोचून चव बघतो, आवडली नाही की निघतो. विषाणू सोंडेच्या टोकाला लागलेला असतो आणि काही सेकंदांच्या त्या चवीत तो झाडात उतरतो. कोणतंही औषध त्याला तेवढ्यात मारू शकत नाही. म्हणून शेतात पपईभोवती मक्याच्या दाट ओळी लावतात. मावा आधी तिथे बसतो, सोंड पुसली जाते.

विषाणूंनाही काही पिकांत एनएलआर ओळखतात. पपईची मात्र अडचण आहे. २००८ मध्ये तिचा जनुकसंच वाचला तेव्हा असली जनुकं जेमतेम ५५ सापडली. द्राक्षात शेकड्यांनी आहेत. पपईकडे पहारेकरीच थोडे.

पण झाडाकडे विषाणूसाठी आणखी एक यंत्रणा असते आणि ती मला सगळ्यांत देखणी वाटते. रिंगस्पॉटचा विषाणू म्हणजे आरएनएचा धागा. तो स्वतःच्या प्रती काढताना काही काळ दुपदरी होतो. पेशीला दुपदरी आरएनए संशयास्पद वाटतो. ती त्याचे २१ ते २४ अक्षरांचे बारीक तुकडे करते आणि ते तुकडे नमुना म्हणून जवळ ठेवते. पुढे त्या नमुन्याशी जुळणारा कोणताही आरएनए दिसला की कापून टाकते. पण विषाणू सहसा या यंत्रणेलाही गुंगारा देतो आणि तिच्या आधी पसरतो.

हवाईमधल्या पुना भागात १९९२ मध्ये हा रोग आला आणि पपईच्या बागा संपत चालल्या. डेनिस गोन्साल्विस आणि सहकाऱ्यांनी विषाणूच्या बाह्य आवरणाचं जनुक पपईत घातलं होतं. म्हणजे झाडाला नमुना आधीच हातात दिला, विषाणू यायच्या आधी. १९९८ मध्ये ती झाडं शेतकऱ्यांना मिळाली आणि तिथली पपई वाचली. मात्र नमुना अक्षराला अक्षर जुळावा लागतो. हवाईचा नमुना दुसऱ्या देशांतल्या विषाणूवर नीट चालत नाही.

आपल्या पुण्यात भारतीय कृषी संशोधन संस्थेच्या प्रादेशिक केंद्रात साध्या निवडीतून पपईची पुणे सिलेक्शन नावाची मालिका तयार केली आहे. ती झाडं विषाणू सोसतात. सोसणं म्हणजे रोखणं नव्हे. विषाणू आत असतो, तरी झाड फळं देतं. घरामागच्या दोन-चार झाडांना तेवढंही पुष्कळ आहे.

*

शिवाजीनगर_एमएस्सी

सर, मी वनस्पतिरोगशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. डॉगरिजचं किंवा मस्कॅडिनियाचं जनुक थॉमसनमध्ये आणायचं तर साधा संकर का करत नाहीत? आरपीव्ही१ बद्दल आम्हाला एका ओळीत शिकवलं.

*

वेलमांडव

करतात, आणि त्या एका ओळीमागे माणसांची आयुष्यं गेलेली आहेत. मस्कॅडिनिया रोटुंडिफोलिया हा अमेरिकेच्या आग्नेय भागातला जंगली वेल. त्याच्या गुणसूत्रांच्या २० जोड्या, आपल्या द्राक्षाच्या १९. संकर जेमतेम होतो आणि झालेली रोपं बहुतेक वांझ निघतात. फ्रान्समध्ये माँपेलिए इथे अ‍ॅलन बुके यांनी १९७४ पासून असल्या थोड्या सुपीक रोपांचा खाण्याच्या द्राक्षाशी पुन्हा पुन्हा संकर केला. दर पिढीत जंगली चव कमी करायची आणि प्रतिकार तेवढा राखायचा. २०१३ मध्ये त्या गुणसूत्राच्या तुकड्यातली दोन जनुकं वेगळी काढून ओळखली गेली, एक केवडा अडवणारं, तेच आरपीव्ही१, आणि त्याच्या शेजारचं भुरी अडवणारं. दोन्ही एनएलआर.

आता दर पिढीत फळ येईपर्यंत थांबावं लागत नाही. रोपाला चार पानं आली की कागदाला भोक पाडतात तशा यंत्राने पानाची एक चकती काढायची, डीएनए काढायचा, पीसीआर करायचा, म्हणजे हव्या त्या तुकड्याच्या भरपूर प्रती काढायच्या. जेलवर त्याची पट्टी दिसली तर रोप ठेवायचं. आमच्याकडे एका दिवसात ९६ रोपं बघून होतात.

आपली आणखी एक अडचण म्हणजे बिनबियांचं द्राक्ष. आईच बिनबियांची असेल तर गर्भ मण्यातच मरतो. परागणानंतर काही आठवड्यांनी कोवळा मणी चिरून, सुईने तो अर्धवट गर्भ काढून, बाटलीत वाढवावा लागतो. गर्भ तिळापेक्षा लहान असतो. मी पहिल्या हंगामात काढलेल्यांपैकी बहुतेक मेले.

*

निवृत्त रोगशास्त्र

धागा वाचून समाधान वाटले. पस्तीस वर्षे हाच विषय शिकवला, म्हणून दोन गोष्टी जोडतो.

पहिली अशी की ही "ओळख" एकतर्फी नाही, हे १९४० च्या दशकात हॅरल्ड फ्लोर यांनी जवसाच्या तांबेऱ्यावर काम करून दाखवले. डीएनएची रचनाही तेव्हा माहीत नव्हती. झाडातल्या प्रत्येक प्रतिकारक जनुकासमोर रोगजंतूत एक जनुक असते, दोन्ही जुळली तरच झाड वाचते, हे त्यांनी फक्त संकर आणि मोजणीवर सिद्ध केले. आज ज्याला इफेक्टर म्हणतो ते त्यांच्या समीकरणातले दुसरे पद आहे.

दुसरी गोष्ट सावधगिरीची. रोगजंतूने ते एक प्रथिन बदलले की पहारेकरी आंधळा होतो. सफरचंदाच्या खपली रोगाचे उदाहरण घ्या. मालस फ्लोरिबुंडा ८२१ या शोभेच्या झाडाशी १९१४ साली संकर झाला. त्यातून प्रिमा हा पहिला प्रतिकारक वाण १९७० मध्ये आला. जगभर त्याच एका जनुकावर डझनावारी वाण निघाले. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीस त्याला न जुमानणारी जात युरोपात नोंदली गेली. द्राक्षातही तसेच. आरपीव्ही३ हे दुसरे प्रतिकारक जनुक असलेल्या बियांका या वाणावर केवडा वाढल्याची नोंद २०१० ची आहे.

सफरचंदातल्यासारख्या छप्पन्न वर्षांच्या कामाचे फळ रोगजंतू थोड्या वर्षांत निष्प्रभ करू शकतो. म्हणून एक जनुक घातलेला वाण शेतकऱ्याला देणे मला चुकीचे वाटते. विद्यार्थ्यांना हे मी नेहमी सांगत असे आणि ते आजही तितकेच तळमळीने सांगतो.

*

वेलमांडव

सर, तुम्ही लिहिलंत याचा फार आनंद झाला. पूर्ण सहमत. म्हणूनच फ्रान्सने २०१८ मध्ये आर्ताबान, व्हिदॉक, फ्लोरेआल, व्होल्टिस हे चार वाण दिले तेव्हा आरपीव्ही१ एकटं ठेवलं नाही, सोबत दुसऱ्या स्रोतातलं जनुक घातलं. केवड्याला एकाच वेळी दोन्ही पहारेकऱ्यांची नजर चुकवायची तर दोन बदल एकाच बीजाणूत व्हावे लागतात. अशक्य नाही, पण फार दुर्मीळ. तरीही तिथे वर्षातून एक-दोन फवारण्या करायला सांगतात, जनुकांना आधार म्हणून.

आपल्याकडे आघारकर संशोधन संस्थेचा एआरआय-५१६ आहे. अमेरिकी कटाबा आणि ब्यूटी सीडलेस यांचा संकर, ११० ते १२० दिवसांत तयार होतो आणि बुरशीजन्य रोगांना चांगला तोंड देतो. रस, जाम, वाइन, बेदाण्यासाठी. अण्णांना मी तो दाखवला होता. चव बघून म्हणाले, "वास निराळा हाय, मुंबईचा व्यापारी घेईल का?" जंगली नातेवाइकाकडून पहारेकरी मागितला की सोबत त्याचा वासही येतो. तो वेगळा करण्यात पिढ्या जातात.

*

पर्वतीपायथा

चर्चा छान. पण एक ग्राहक म्हणून प्रामाणिक भीती मांडते. क्रिस्पर, जीएम, विषाणूचं जनुक, हे सगळं मुलांच्या डब्यात जाणार. यावर कुणाचं नियंत्रण आहे का?

*

वेलमांडव

भीती रास्त आहे आणि प्रश्न विचारला जायलाच हवा.

दोन गोष्टी वेगळ्या करू या. हवाईच्या पपईत बाहेरचं जनुक घातलं आहे, ते जीएम. भारतात असं एकही फळपीक लागवडीला मंजूर नाही. लिंबाच्या उदाहरणात झाडाच्या स्वतःच्या डीएनएची काही अक्षरं बदलली, बाहेरचं काही उरलं नाही. असा बदल निसर्गातही होतो. बार्लीत १९४२ साली केलेल्या एका बदलाने एमएलओ नावाचं जनुक बंद पडलं आणि भुरी येईना. भुरीला आत शिरायला बार्लीचं तेच जनुक लागत होतं. युरोपात १९७९ पासून असली बार्ली पिकते. इथे पहारेकरी वाढवलेला नाही, चोर वापरत होता ते दार बुजवलं आहे, म्हणून ते इतकी वर्षं टिकलं. द्राक्षातली एमएलओ जनुकं दाबली की भुरी कमी होते, हेही प्रयोगांत दिसलं आहे.

मार्च २०२२ मध्ये आपल्या सरकारने बाहेरचं जनुक नसलेल्या अशा संपादित पिकांना जीएमच्या नियमांतून काही अटींवर सूट दिली. मे २०२५ मध्ये भाताचे दोन वाण जाहीर झाले. फळझाडांत अजून काही बाजारात नाही. आलं तर पिशवीवर लिहिलेलं असावं, या बाजूचा मी आहे.

आणि आज डब्यात काय जातं तेही बघू या. पावसाळी हंगामात अण्णा केवड्यासाठी दिवसाआड फवारणी करतात. पाठीवरचा पंप उतरवल्यावर त्यांचे हात रात्रभर चुरचुरतात. मी हे काम निवडलं ते त्या हातांमुळे.

*

सासवडी

सगळं पटलं. पण वाण यायला दहा-वीस वर्षं. या वर्षीच्या खट्टा बहाराचं काय करू? आमच्याकडे एकजण म्हणतो जीवामृत दिलं की झाडाला आतूनच शक्ती येते. दुसरा सॅलिसिलिक अ‍ॅसिड विकतो. खरं काय?

*

निवृत्त रोगशास्त्र

यावर मी उत्तर देतो.

झाडाच्या एका पानावर हल्ला झाला आणि तिथल्या पेशी मेल्या की सॅलिसिलिक आम्लाच्या मार्गाने बाकीच्या पानांना इशारा जातो आणि ती काही दिवस सावध राहतात. कायटोसान, फॉस्फोनेट यांसारखी द्रव्ये कमी-अधिक प्रमाणात झाडाला असेच सावध करतात. परिणाम खरा आहे, पण तो दिवसांचा असतो आणि रोग यायच्या आधी द्यावा लागतो. डाग दिसल्यावर देऊन उपयोग नाही. सारखे दिले तर झाड सावधगिरीवरच अन्न खर्च करते आणि फळ बारीक राहते.

जीवामृताने जमीन सुधारते, झाड सशक्त राहते, त्याला माझा विरोध नाही. पण नसलेला पहारेकरी त्याने निर्माण होत नाही. नत्र मात्र हात राखून द्या. जास्त युरियाने पाने लुसलुशीत होतात आणि तांबेऱ्याला तेच हवे असते.

अंजिराला जुने औषध अजून चांगले आहे. एक टक्का बोर्डो, एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, शंभर लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळे विरघळवून मग एकत्र करावे, धातूच्या भांड्यात नको. झाल्यावर त्यात लोखंडी विळा क्षणभर बुडवून पाहावा. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी आहे, आणखी निवळी घालावी. तांबे मोकळे राहिले तर कोवळी पाने भाजतात. गळलेली पाने झाडाखाली ठेवू नका, पुढचा तांबेरा त्यातच बसलेला असतो.

*

सासवडी

विळ्याची खूण आमचे आजोबा करायचे. कशासाठी ते आज कळलं.

*

शिवाजीनगर_एमएस्सी

सर, त्या डॉगरिजच्या फुटीचं पुढे काय झालं?

*

वेलमांडव

अण्णांनी त्याच दुपारी काढली. काढावीच लागते, नाहीतर मूळ तिलाच पोसतं आणि वरचा घड उपाशी राहतो. पण फेकली नाही. तिची सहा डोळ्यांची काडी दोन तुकडे करून विहिरीजवळ पिशव्यांत खोचली आहे. शेजारी थॉमसनच्याही दोन काड्या आहेत. काल फोनवर म्हणाले, "दोघांवर एकाच टायमाला पाणी मारतो, तू भिंग घेऊन ये."

शनिवारी पहाटेच्या एसटीने निघतोय. ठिपके मोजून इथेच लिहितो.